'द फॉरेनर': जॅकी चॅनचा म्हाताऱ्या बापाचा सूड, पटला का तुम्हाला?

माडाचीमुळी
बरेच दिवस धागा काढीन काढीन म्हणत होतो. काल रविवार, पाऊस असा कोसळत होता की समोरच्या घराची कौलं दिसेनात, दुपारचं हुमण-शीत जेवून झालेलं आणि बाबा नेहमीसारखे आडवे न होता खुर्चीतच बसून राहिले, म्हटलं चला काहीतरी लावू. लावला 'द फॉरेनर'. २०१७ चा आहे म्हणजे जुनाच, पण तेव्हा मी पाहिला नव्हता कारण पोस्टरवर जॅकी चॅन बघून वाटलं होतं की खुर्च्या, शिड्या, छत्र्या घेऊन मारामारी आणि शेवटी नावं येताना फसलेल्या शॉटची गंमत. तसलं काहीच निघालं नाही.

(पुढे कथा फुटणार आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.)

जॅकी झालाय क्वान. लंडनमध्ये साधं चायनीज हॉटेल चालवतो. एकच मुलगी उरलेली, ती ड्रेस घ्यायला दुकानात शिरते, बाप बाहेर गाडीपाशी, आणि बॉम्ब फुटतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हा माणूस एकच गोष्ट मागत फिरतो, बॉम्ब ठेवणाऱ्यांची नावं. आधी लंडनच्या पोलीस अधिकाऱ्याकडे जातो, मग उत्तर आयर्लंडात बेलफास्टला हेनेसी नावाच्या मंत्र्याकडे (पियर्स ब्रॉस्नन), जो पूर्वी आयआरएमध्ये (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र आयरिश संघटना) होता आणि आता कोटबूट घालून राजकारण करतो. नावं मिळत नाहीत. मग कळतं की हा हॉटेलवाला तरुणपणी व्हिएतनाममध्ये काय काय शिकून आलाय.

आता मुद्द्यावर येतो. माझे बाबा २२ वर्षं खाणीवर टिपर चालवत होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा थांबले, आणि त्यांची कंबर त्याच्या आधीच थांबली होती. सिनेमा सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, क्वान नुसता चालत होता, खांदे पडलेले, पाय जरा घासत, आणि बाबा म्हणाले, "हाची फाट दुखता रे." (ह्याची पाठ दुखतेय.) मारामारी नाही, डायलॉग नाही, नुसतं चालणं. मी वळून बघितलं तर ते स्वतः पण पाठीमागे उशी सरकवत होते.

मला तिथेच सिनेमा पटला. म्हातारा हिरो सूड घेतो असे शेकड्याने सिनेमे आहेत पण त्यात वय फक्त केसात दिसतं, अंगात दिसत नाही. इथे जॅकी प्रदर्शनाच्या वेळी ६३ चा होता (जन्म १९५४) आणि दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलने ते लपवायचा प्रयत्नच केला नाही. गेस्टहाउसमध्ये हेनेसीची माणसं त्याला धरायला येतात ती मारामारी बघा, अरुंद जागा, कठडे, खिडकी, छप्पर, जॅकीचीच मारामारी आहे पण प्रत्येक फटक्यानंतर तो माणूस अर्धा सेकंद उशिरा उठतो. बाबा म्हणाले आता उद्या सकाळी ह्याला गरम पाण्याची पिशवी लागणार. आणि पुढे जंगलात तो एकटा बसून स्वतःची जखम बघतो तेव्हा खरंच वाटतं की ह्याचं वय झालंय.

तर विचारायचंय असं, की तुम्हाला हा सूड पटला का? का मी पाऊस आणि बाबा ह्या दोघांमुळे भावुक झालोय?

गडगडाट
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुकेबांगडे
भावुकच झालायस. ह.घ्या.

मी थेटरात बघितला होता २०१७ ला पणजीला, दोघे मित्र, एकाने तर जॅकी चॅन म्हणून पोराला पण आणलेलं, ते पोर मध्यंतराच्या आधीच झोपलं. माझी तक्रार साधी आहे, नाव जॅकीचं आणि सिनेमा ब्रॉस्ननचा. घड्याळ लावून नाही बघितलं पण मधला अर्धा तास तर जॅकी झाडीत बसलाय आणि पडद्यावर आयरिश माणसं बंद खोल्यांमध्ये एकमेकांवर ओरडतायत, हा त्याचा पुतण्या, ती त्याची बायको, ती दुसरी ती नव्हे तर वेगळी, हा जुना साथीदार, कोणी कोणाला विकलं काही पत्ता लागत नाही. शेजारचा माणूस बायकोला समजावत होता आणि तो पण चुकीचं समजावत होता.

आणि हा हिशेब बघा, म्हाताऱ्याला हवी चार-पाच नावं. ती मिळाल्यावर त्याचं काम किती वेळात संपतं? गॅस दुरुस्तीवाला बनून दारावर जातो आणि फटाफट. म्हणजे दोन तासांचा सिनेमा आणि सूड दहा मिनिटांचा. आमच्याकडे ह्याला म्हणतात जेवण कमी आणि वाढप जास्त.

ब्रॉस्नन मात्र झकास. दारूचा ग्लास हातात धरून घाम फुटलेला मंत्री त्याने असा केलाय की आपल्याकडचे दोनचार चेहरे आठवले, नावं घेत नाही.

साखळीचा_वाचक
सुकेबांगडे, तुमची तक्रार समजली पण त्या बंद खोल्यांशिवाय हा सिनेमा उरतच नाही असं मला वाटतं. थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

मूळ कादंबरी १९९२ ची, स्टीफन लेदरची. तेव्हा उत्तर आयर्लंडमधला झगडा चालू होता. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून जवळजवळ तीस वर्षं, सुमारे ३,५०० माणसं गेली त्यात. मग १९९८ च्या एप्रिलमध्ये करार झाला, गुड फ्रायडे करार, आणि कालपर्यंत बंदुका धरणारे लोक सरकारात बसले. कादंबरी करारापूर्वीची आणि सिनेमा करारानंतर १९ वर्षांनी. म्हणजे सिनेमावाल्यांना कथा नुसती उचलून ठेवता येत नव्हती, लंडनमध्ये आता बॉम्ब कोण ठेवेल आणि का, ह्याचं उत्तर शोधावं लागलं. ते उत्तर म्हणजे हेनेसी.

हा हेनेसी डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर आहे. आपल्याला वाटतं डेप्युटी म्हणजे उपमुख्यमंत्री, दुय्यम माणूस, हार घालायला. तिथे तसं नाही, करारानुसार फर्स्ट आणि डेप्युटी फर्स्ट दोघांचे अधिकार सारखेच, एक गेला तर दुसऱ्याची खुर्ची पण जाते. म्हणजे ह्या माणसाकडे खरी सत्ता आहे आणि ती टिकवायला त्याला दोन्हीकडे तोंड ठेवावं लागतं. लंडनला सांगायचं मी शांततेचा माणूस, आणि जुन्या साथीदारांना सांगायचं मी तुमचाच, तुमच्यासाठी माफी मिळवतोय. जुन्या पोरांना थोडा धूर काढू द्यायचा, माणसं न मारता, म्हणजे वाटाघाटीत आपला भाव वाढेल, असा त्याचा हिशेब. धूर हाताबाहेर जातो आणि त्यात क्वानची मुलगी जाते.

आता सांगा, हे सगळं न दाखवता नुसती मारामारी दाखवली असती तर क्वान कोणाच्या उरावर बसला असता? त्याचा शत्रू एक माणूस नाहीच आहे, एक तडजोड आहे. आणि तडजोडीतलं सगळ्यांना थोडं थोडं माहीत असतं पण नाव कोणीच सांगत नाही.

सुकेबांगडे
साखळीचे वाचक, हे तुम्ही लिहिलेलं सिनेमात कुठे होतं हो? मी तिकीट काढून बघितला तो वेगळा होता काय :)

पण डेप्युटीचं माहीत नव्हतं, ते बरं सांगितलंत.

गडगडाट
तुम्ही लोक काय पण चघळता मरे. सूड बघायचा तर आपला सनी पाजी बघा, २००१ ला हँडपंप उपटला, २०२३ ला परत आला ६६ व्या वर्षी आणि थेटरात शिट्ट्या. त्याच आठवड्यात, एक दिवस आधी, रजनीसाहेबांचा 'जेलर', वय ७२. त्यांची कोणाची कंबर दुखत नाही. आम्ही पैसे कंबर बघायला देत नाही, हात बघायला देतो.

माडाचीमुळी
गडगडाट, तुझा मुद्दा खरं तर चुकीचा नाहीये. रजनी उभा राहिला की मागे संगीत वाजतं, तो पुढे काय करणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आपण वाट बघतो. ती मजा वेगळी. मी पण शिट्टी मारली आहे, नाकारत नाही.

पण तिथे हिरो म्हातारा असला तरी देवच असतो. देवाला पाठ कशी असणार.

पेडण्याची_बाय
ह्या देवावरून आठवलं म्हणून लिहिते, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्या मामांनी दशावतारात राजपार्ट केला, साठी उलटल्यावर पण. आमच्या भागात जत्रेचे दिवस म्हणजे रोज वेगळ्या देवळात नाटक, रात्री सुरू होऊन पहाटे संपणार, लिखित संहिता नाही, जे काय आहे ते तोंडावर. लहानपणी आम्ही मुलं रंगभूषा बघायला आत घुसायचो. मामा पेटाऱ्यावर बसून, हातात छोटा आरसा, स्वतःच तोंड रंगवायचे, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये तोच पेटारा त्यांची खुर्ची. त्यावर बसून गुडघ्याला बाम चोळायचे, वर रेशमी झगा आणि मुकुट, खाली धोतर वर घेतलेलं आणि गुडघे बामाने चकचकीत. मग पखवाज वाजला की उठायचे, पहिली दोन पावलं लंगडत, पडद्यापाशी पोचेपर्यंत सरळ, आणि बाहेर गेले की राजा. तलवारबाजी, गिरक्या, सगळं. परत आत आले की पुन्हा लंगडत.

बाहेरच्या लोकांना माहीत होतं हं मामांचं वय. सगळं गाव ओळखतं. गिरकी घेतली की टाळी पडायची ती राजाला नसायची, मामांना असायची.

'द फॉरेनर'मध्ये मला नेमकं तेच उलटं वाटलं. आपण जॅकीला आयुष्यभर गिरकी घेताना पडद्याच्या बाहेरच्या बाजूने बघितलं. इथे पहिल्यांदा पेटाऱ्याच्या बाजूने बघितलं. म्हणून माडाचीमुळींच्या बाबांना पाठ दिसली असणार.

माडाचीमुळी
ताई, हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

सत्तरीकर
+१ पेडण्याची बाय.

गडगडाट
सत्तरीकर म्हणजे तालुका की वय?

सत्तरीकर
दोन्ही जवळ आलंय बाबा.

मी व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातला माणूस, म्हापशाला भाड्याने कॅसेट मिळायची आणि शनिवारी रात्री पाचसहा घरची पोरं एका घरात. जॅकीचं वेड तेव्हाचं. त्यामुळे एक सांगतो, त्याची पाठ दुखते हा अभिनय तरी किती आहे कोण जाणे. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडला, कवटी फुटली, मरता मरता वाचला. 'रंबल इन द ब्राँक्स'च्या वेळी घोटा मोडला तर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून शूटिंग पुरं केलं. हे सगळं सिनेमाच्या शेवटी तोच दाखवायचा, पडलेले, फसलेले शॉट, आणि आम्ही पोरं हसायचो. २०१६ ला त्याला मानद ऑस्कर दिलं आणि पुढच्याच वर्षी हा सिनेमा. ह्यात शेवटी फसलेले शॉट असते तर मला तरी हसू आलं नसतं.

पण मला लिहायचं होतं दुसऱ्याच एका सीनबद्दल. क्वान त्या लंडनच्या अधिकाऱ्याकडे परत परत जातो आणि शेवटी साठवलेले पैसे पुढे करतो, हे घ्या पण नावं द्या. अधिकारी वाईट माणूस नाहीये, ओशाळतो, म्हणतो असं चालत नाही. तिथे मी सिनेमा थांबवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

आमच्या पुतण्याला रात्री कोणीतरी गाडीने उडवलं आणि थांबलं नाही, आता बरीच वर्षं झाली. पोरगा वाचला, पाय गेला. मी त्या वेळी नऊ की दहा वेळा एका ठिकाणी खेपा घातल्या, कुठे ते नाही लिहीत, लोक तिथलेही काही राक्षस नव्हते, चहा पण पाजला एकदोनदा. सगळे कागद कपड्याच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत घेऊन जायचो, पाऊस होता म्हणून. प्रत्येक वेळी बाकावर बसायचं, पिशवी मांडीवर, आत कागद भिजले नाहीत ना ते चाचपायचं. चौथ्या पाचव्या खेपेनंतर तिथल्या शिपायाला माझं नाव नाही पण पिशवी ओळखीची झाली होती, "पिशवीवाले आले." एक दिवस घरून निघताना मी खरंच पाच हजार रुपये त्या पिशवीत कागदांच्या खाली ठेवले होते. दिले नाहीत. धाडस झालं नाही की लाज वाटली ते आजपण सांगता येत नाही. गाडीचा नंबर काही मिळाला नाही.

तर त्यानंतर क्वान जे काय करतो त्याला सूड म्हणा नाहीतर काहीही म्हणा, मी त्याच्या बाजूने होतो. बॉम्ब लावला तरी त्याच्या बाजूने होतो. हे बरोबर नाही हे मला कळतं.

साखळीचा_वाचक
सत्तरीकर, काय लिहू. वाचलं.

सुकेबांगडे
मी पण. मगाशी जेवण-वाढपचा विनोद केला तो परत घेतो, निदान त्या सीनपुरता.

स्विंडनवासी
इथे रात्रपाळी संपवून आलोय, धागा बघून झोप उडाली. मी मूळचा बार्देशचा, बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा म्हणून पोर्तुगीज कागद झाले आणि २०१४ पासून इथे इंग्लंडात स्विंडनला, आता गोदामात. इथे गोंयकार इतके आहेत की बसमध्ये कोकणीत कोणाबद्दल वाईट बोलायची सोय नाही.

दोन गोष्टी. पहिली मजेची. सिनेमात थेम्स नदीवरच्या पुलावर लाल डबलडेकर बस उडते ना, ती त्यांनी खरंच लॅम्बेथ पुलावर उडवली होती, फेब्रुवारी २०१६, रविवारी सकाळी. आजूबाजूच्यांना आधी कळवलं होतं म्हणे पण सगळ्यांना कुठे कळतं, लोक घाबरले, पेपरात फोटो आले. माझा मोबाईल त्या दिवशी घरून आलेल्या फोनने तापला, आई म्हणे लंडनात बस फुटली तू कुठे आहेस. मी अंथरुणात होतो, लंडनपासून सव्वाशे किलोमीटर लांब.

दुसरी म्हणजे नाव. इथे 'फॉरेनर' हा शब्द ऐकला की पोटात जरा गोळा येतो. सिनेमात क्वानला सगळे चायनामन म्हणतात. तो व्हिएतनामहून आलेला, इंग्लंडचा नागरिक, पोरगी इथे शाळेत जाणारी, पण कोणी एकदाही विचारत नाही की तू कुठचा. आम्ही गावात लंडनकार, कागदावर पोर्तुगीज, गोदामात इंडियन, आणि पोर्तुगाल मी अजून बघितलेलं नाही. त्या हेनेसीच्या माणसांना तो सापडत नाही ह्याचं कारण ट्रेनिंग वगैरे आहेच, पण मला वाटतं अर्धं कारण हे की त्याच्याकडे कोणी नीट बघितलेलंच नसतं. हॉटेलच्या किचनमधला म्हातारा. मी पहिली दोन वर्षं किचनमध्ये काढली आहेत, भांडी घासत. मालक रोज दिसायचा, शेवटच्या दिवशी त्याने मला दुसऱ्याच पोराच्या नावाने हाक मारून निरोप दिला.

पेडण्याची_बाय
हे लिहिलंत ते फार खरं आहे. बसलेल्या माणसाला कोणी बघत नाही.

आई_म्हणते_तसं
सगळे बाबांबद्दल आणि पाठीबद्दल लिहितायत म्हणून मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिते, रागावू नका.

मला सूड पटला, पण मला ह्या सिनेमात सगळ्यात भीती वाटली ती क्वानची नाही. लक्षात घ्या, तो हेनेसीच्या माणसांना झाडीत सापळ्यात अडकवतो, जखमी करतो, पण मारत सुटत नाही. पहिला बॉम्ब तर हेनेसीच्या ऑफिसच्या संडासात लावतो, घाबरवण्यापुरता. त्याचा हिशेब ठरलेला आहे, ज्यांनी केलं तेवढेच. आणि शेवटी बघा. बॉम्ब ठेवणाऱ्यांतली ती बाई पकडली जाते, जखमी असते, तिच्याकडून हवं ते काढून घेतात आणि मग सरकारी माणूस वरून हुकूम आला म्हणून तिला गोळी घालतो. ना कोर्ट ना काही. ती वाईटच होती, मला तिच्याबद्दल प्रेम नाही. पण तो सीन किती शांतपणे होतो. मागे ढॅणढॅण संगीत नाही, कोणाचे डोळे लाल नाहीत. आमच्या घरात तेव्हा कोणी काही बोललंच नाही, मुलगा चिप्स खात होता.

म्हणजे बापाने केलं तर सूड आणि फाईलवर सही करून केलं तर काम. हे दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलंय असं माझं मत. नवरा म्हणतो तू जास्त विचार करतेस.

आणि दुसरं, ह्या सगळ्या सूडपटांत मुलगी नाहीतर बायको पहिल्या दहा मिनिटांत मरते, मग बाप दोन तास हिंडायला मोकळा. क्वानच्या तर आधीच्या दोन मुली समुद्रात चाच्यांनी नेलेल्या आणि बायको पण गेलेली. एवढं सगळं एका माणसावर? तिथे मला लेखकाने जरा तिखट जास्त घातल्यासारखं वाटलं.

साखळीचा_वाचक
तिखटाबद्दल सहमत.

सूडपटातल्या बापांबद्दल लिहिलंत म्हणून थोडं. हा प्रकार आजचा नाही. १९७४ ला चार्ल्स ब्रॉन्सनचा 'डेथ विश' आला तेव्हा तो ५२ चा होता. गंमत म्हणजे मूळ कादंबरीकार ब्रायन गारफिल्डला तो सिनेमा आवडला नाही, त्याने लिहिलं होतं सूडाच्या विरोधात आणि पडद्यावर लोक टाळ्या वाजवायला लागले. मग त्याने पुढची कादंबरी लिहिली जणू पापक्षालन म्हणून. पुढे २००८ ला लियाम नीसन ५५ चा असताना 'टेकन' चालला आणि मग रांगच लागली, स्टॅलोन तर ७३ व्या वर्षी परत रॅम्बो झाला. निर्मात्यांना हिशेब कळला, म्हातारा हिरो घ्या, चेहरा ओळखीचा, खर्च मर्यादित. 'फॉरेनर' पण साडेतीन कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात साडेचौदा कोटींच्या आसपास कमावले, त्यातले निम्म्याहून जास्त चीनमधून.

टाळ्या कुठे वाजवायच्या हा प्रश्न मात्र गारफिल्डपासून तसाच आहे. मी 'फॉरेनर' बघताना टाळी वाजवली नाही, हे त्याला मी गुण देतो. नाहीतर कॅम्पबेलला टाळ्या घेता येत नाहीत असं नाही, १९९५ ला ह्याच ब्रॉस्ननचा पहिला बाँड त्यानेच केला होता.

गडगडाट
मी वाजवली. गॅसवाला बनून जातो तेव्हा.

सुकेबांगडे
तिथे मी पण वाजवली, खोटं कशाला बोलू.

रात्रीचा_पोदेर
प्रकाटाआ.

गडगडाट
पोदेरबाब, काढून काय टाकलंत? आम्ही वाचलाय.

रात्रीचा_पोदेर
काही नाही हो, विमानतळाच्या लॅपटॉपचं गुपित फोडलं होतं, मग वाटलं कोणीतरी अजून बघायचं असेल. तुम्ही बाकी सगळं फोडलंयतच.

माडाचीमुळी
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आज संध्याकाळी बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, सत्तरीकरांचा प्रतिसाद वाचताना मध्येच लाईट गेली तर मोबाईलच्या उजेडात पुरा केला. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं आता खाणीतलं काहीतरी सांगतील, तिथे पण अशा पिशव्या घेऊन बसलेली माणसं त्यांनी बघितली आहेत.

मग म्हणाले, "ते सगळं ठीक. पण इतके दिवस तो आयर्लंडात, तर त्याचं हॉटेल कोण चालवत होतं?"

सुकेबांगडे
हा हा हा. ती आहे ना लॅम, त्याच्या हॉटेलातली बाई. ती बघत असणार.

म्हापशातला_हॉटेलवाला
वाचनमात्र होतो, पण आता धंद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे.

माझं छोटं हॉटेल आहे, सकाळी पातळभाजी, सुकी भाजी, पाव, मिरचीभजी, चहा, दुपारी बारा वाजता शटर खाली. चवथीला पाच दिवस बंद ठेवतो तर सहाव्या दिवशी नेहमीचे चारपाच चेहरे समोरच्या गाड्यावर दिसतात, आणि मला बघून मान फिरवतात. परत यायला पंधरा दिवस लागतात. गेल्या वर्षी माझं हर्नियाचं झालं, बायको आणि एक पोरगा मिळून चालवत होते, तर रोज संध्याकाळी पलंगावर पडून मी विचारायचो नारळ किती आणले, पाव किती उरले. डॉक्टर म्हणाले हसू नका, टाके उसवतील, आणि बायको म्हणाली ह्यांना कोण हसवतंय, हे पावच मोजतायत.

त्यामुळे त्या लॅमबद्दल मला आदर वाटला. मालक न सांगता गायब, परत आला तर अंगभर जखमा, आणि ती हॉटेल उघडं ठेवून उभी. तिला सिनेमात फार काम दिलेलं नाही. मी असतो तर तिला भागीदार करून घेतलं असतं.

माडाचीमुळी
बाबा म्हणतायत, नारळाचा आजचा भाव विचार.

म्हापशातला_हॉटेलवाला
नका विचारू हो.